इंग्लंडमध्ये मोटारी चुकवत सायकलने फिरायचं असेल तर

तुम्ही दोघं साठीच्या घरातले. रेवसपासून गोव्यापर्यंतचा किनारा पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लावून सायकलने केलेला. जूनमध्ये मुलीकडे ब्रिस्टलला येताय, दहा दिवस हाताशी आहेत आणि प्रश्न असा: इंग्लंडच्या ग्रामीण भागात मोटारींच्या रस्त्यावर न जाता, सामान घेऊन, मुक्काम करत सलग फिरता येईल का? जावईबापूंनी म्हणे सांगितलंय, इथे सगळीकडे सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत, नकाशावरची रेघ पकडायची आणि निघायचं.

जावईबापूंचं अर्धं खरं आहे. मी इथे बरीच वर्षं राहतो, भारतातून येणाऱ्या मंडळींना या वाटांवर घेऊनही जातो, त्यामुळे उरलेलं अर्धं सांगतो. सामान लादलेल्या सायकलला झेपेल अशी, दहा दिवस पुरेल एवढी मोटारविरहित वाट इंग्लंडमध्ये नाही. आहेत ते तुकडे: दहा, वीस, फार तर पन्नास किलोमीटरचे. तुकडे सुरेख आहेत. सहल बिघडते ती दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत. म्हणून वाट किती छान आहे यापेक्षा ती संपल्यावर पुढे काय लागतं, हे आधी बघायचं.

कुणीतरी तुम्हाला साउथ डाउन्स वे सुचवेल. विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर, जवळजवळ सगळी वाट मोटारींपासून दूर. खरं आहे. पण ती खडूच्या डोंगरांच्या माथ्यावरून जाणारी घोडेवाट आहे. पावलोपावली गारगोटीचे दगड, टेकडीवरून खाली नदीपर्यंत आणि पुन्हा वर, सगळा मिळून चढ चार हजार मीटरच्या आसपास. माउंटन बाइकवर, पाठीवर हलकी पिशवी घेऊन जाणाऱ्यांसाठी झकास. चार पॅनिअरवाल्यांनी नादी लागू नये.

तुकडेच का, हे समजलं की नकाशा वाचणं सोपं जातं. इथल्या बहुतेक चांगल्या वाटा म्हणजे बंद पडलेले रेल्वेमार्ग. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने तोट्यातल्या फाट्यांवर कुऱ्हाड चालवली. काही मार्ग त्याआधीच बंद झाले होते, बरेच त्यानंतरच्या दहा वर्षांत झाले. रूळ उखडले, जमिनी विकल्या. कुठे शेतकऱ्याने भराव सपाट करून शेतात घेतला, कुठे स्टेशनच्या आवारात घरं उठली, कुठे लोखंडी पूल भंगारात गेला. काउंटीच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हाती जेवढं सलग लागलं, तेवढ्याची वाट झाली. म्हणून एखादा मार्ग वीस किलोमीटर सुंदर चालतो आणि एका पडलेल्या पुलापाशी येऊन तुम्हाला जिन्याने खाली, थेट रस्त्यावर सोडतो.

या कामाची सुरुवात तुम्ही जिथे उतरणार त्याच गावातली. ब्रिस्टलमध्ये १९७७ साली सायकलबॅग नावाचा गट उभा राहिला आणि त्याने बाथकडे जाणारा बंद रेल्वेमार्ग सायकलींसाठी मोकळा करायला घेतला. १९७९ ते १९८६ या काळात तो तुकड्या-तुकड्याने पूर्ण झाला. त्याच गटातून पुढे सस्ट्रान्स ही संस्था झाली. १९९५ साली लॉटरीच्या निधीतून तिला मोठी रक्कम मिळाली आणि राष्ट्रीय सायकल जाळं उभं राहिलं. आज ब्रिटनभर या जाळ्याची लांबी साधारण २० हजार किलोमीटर आहे. त्यात मोटारविरहित भाग निम्म्याहून कमी. बाकी सगळे साधे रस्ते, त्यांवर फक्त निळी पाटी आणि लाल चौकोनात मार्गाचा क्रमांक. जावईबापूंनी नकाशावर पाहिलेल्या रेघांमध्ये हे दोन्ही आहे, एवढंच त्यांना सांगा. शिवाय २०२० साली सस्ट्रान्सने स्वतःच जाळ्याचा जवळपास चौथा हिस्सा दर्जा कमी म्हणून वगळला किंवा वेगळ्या वर्गात टाकला. ग्रंथालयातून जुना नकाशा आणलात तर त्यावर असलेले काही क्रमांक आता रस्त्यावर दिसणार नाहीत.

रेल्वेची वाट असल्याचा मोठा फायदा म्हणजे चढ. वाफेच्या इंजिनाला जे झेपत नव्हतं ते इंजिनिअरांनी केलंच नाही. खिंड खोदली, भराव घातला, बोगदा पाडला. बहुतेक ठिकाणी चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त वेग थोडा कमी झालेला कळतो. अपवाद आहेत. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कारबरो ते व्हिटबी असा ३४ किलोमीटरचा सिंडर ट्रॅक आहे. तिथे रेवन्सकारच्या दोन्ही बाजूंना चढ ३९ ला १ आणि ४१ ला १ असा आहे. तुमची डेक्कन क्वीन खंडाळ्याला ३७ ला १ ने चढते, त्यासाठी मागून जादा इंजिनं लावावी लागतात. यावरून अंदाज घ्या. समुद्र सतत सोबत असतो, वाट देखणी आहे, पण पृष्ठभाग बराच खडबडीत. पहिल्या सहलीला नको.

तर मग जायचं कुठे? ब्रिस्टलला उतरणार असाल तर माझा कौल डेव्हनला. पण त्याआधी दोन दिवस घराजवळ घालवा, सायकल आणि गुडघे दोन्ही तपासून होतील.

पहिला दिवस ब्रिस्टल ते बाथ, २१ किलोमीटर. सगळं डांबर, ऐसपैस रुंद, पहिल्या टप्प्यात स्टेपल हिलचा दिवे असलेला बोगदा, मध्ये बिटनला वाफेच्या गाड्या अजून चालवणारं हौशी मंडळींचं स्टेशन आणि तिथे चहा. एकच सूचना: कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ या वाटेवर जाऊ नका. ऑफिस गाठणारे सायकलस्वार सुसाट जातात आणि सामानवाल्या पाहुण्यांवर वैतागतात. मोटारी नाहीत म्हणजे गर्दी नाही, असं नाही. दहानंतर निघालात तर कुत्री फिरवणारे आजी-आजोबा आणि बाबागाड्या. त्यांना ओलांडताना घंटी आधी आणि जरा लांबून वाजवायची, हळू व्हायचं, जाताना थँक्यू म्हणायचं. ही पद्धत सगळ्या वाटांवर सारखीच.

बाथमध्ये मुक्काम महाग. शनिवार-रविवार तर फारच. त्यामुळे मी मंडळींना त्याच दिवशी पुढे नेतो. बाथच्या दक्षिणेला टू टनेल्स ग्रीनवे आहे, एप्रिल २०१३ मध्ये खुला झालेला. १९६६ साली बंद पडलेल्या सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेचे दोन बोगदे लागतात. पहिला चारशे मीटरचा. दुसरा, कूम डाउन, १,६७२ मीटर: सायकल आणि पादचाऱ्यांसाठीचा ब्रिटनमधला सर्वांत लांब. दिवे आहेत, जमीन गुळगुळीत आहे, मध्यावर भिंतींतून संगीत ऐकू येतं. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो, जॅकेट पिशवीच्या तळाशी ठेवू नका. रात्री अकरा ते पहाटे पाच बोगदे बंद असतात, पण तुमच्या वेळापत्रकात ते येणार नाही.

बोगद्यातून मिडफर्डला बाहेर पडलं की थोडी छोटी गल्लीवजा वाट आणि मग डंडास ॲक्विडक्ट. इथे केनेट आणि एव्हन कालवा एव्हन नदीच्या डोक्यावरून दगडी पुलाने पलीकडे जातो. जॉन रेनीचं काम, दोनशेहून अधिक वर्षांचं. इथून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत कालव्याचा काठ. पूर्वी बोटी ओढणारे घोडे याच काठाने चालत, म्हणून वाट सपाट, पाण्याला चिकटून आणि पुलांखाली अगदी बुटकी. पुलाखालच्या वळणावर समोरून कोण येतंय ते दिसत नाही. तिथे उतरून चालावं, निदान अगदी सावकाश जावं. पुलाच्या भिंतीला पॅनिअर घासून पाण्यात पडलेले लोक आहेत. कालव्यात लोक बोटींवर राहतात, त्यांची लाकडं, कुंड्या आणि मांजरं काठावर असतात. ते घरच आहे त्यांचं, त्यामुळे फोटो काढण्याआधी विचारा.

ब्रॅडफर्डला मुक्काम करा. गाव छोटं, स्टेशन आहे, म्हणजे थकलात तर पंधरा-वीस मिनिटांत गाडीने बाथला परत. दुसऱ्या दिवशी हवं तर डिव्हाइझेसपर्यंत काठाने जाऊन केन हिलची दारांची उतरंड बघा: बोटी वर-खाली चढवणारी पाण्याची दारं, म्हणजे लॉक, एकूण २९, त्यांतले १६ एका सरळ टेकडीवर एकाखाली एक. पण ब्रॅडफर्डपुढे काठ ओबडधोबड होतो आणि डिव्हाइझेसला रेल्वे नाही, आला त्याच वाटेने परतावं लागतं. पाऊस पडून गेला असेल तर मी हा भाग सोडतो.

आता डेव्हन. इथे राष्ट्रीय जाळ्यातला २७ क्रमांकाचा मार्ग उत्तर किनाऱ्यावरच्या इल्फ्राकूमपासून दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथपर्यंत जातो, साधारण १६० किलोमीटर. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. यात तीन मोठे जुने रेल्वेमार्ग एका माळेत येतात आणि त्यांच्यामधल्या जागा सुसह्य आहेत. इंग्लंडमध्ये तुम्हाला हवं त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच.

मी इल्फ्राकूमपासून सुरू करत नाही. तिथून ब्रॉन्टनपर्यंत मधे चढ-उतारांचे रस्ते आहेत आणि पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं. ब्रिस्टलहून एक्झिटर, तिथे गाडी बदलून बार्नस्टेपल. स्टेशनाला लागूनच टार्का ट्रेल जाते. दुपारी पोहोचलात तर पॅनिअर मुक्कामी टाकून ब्रॉन्टनपर्यंत दहा किलोमीटर जा आणि परत या, टॉ नदीच्या खाडीकाठाने, भरतीची वेळ असेल तर फारच छान.

टार्का ट्रेलचा मोटारविरहित भाग ब्रॉन्टन ते मीथ असा जवळपास ५० किलोमीटरचा आहे. देशातल्या सर्वांत लांब सलग तुकड्यांपैकी हा एक. बार्नस्टेपलहून फ्रेमिंग्टन की, इन्स्टो, बिडेफर्ड, ग्रेट टॉरिंग्टन असं जायचं. फ्रेमिंग्टनला खाडीच्या तोंडावर जुन्या स्टेशनाच्या जागी कॅफे आहे. इन्स्टोला जुनी सिग्नल केबिन जपून ठेवली आहे. बिडेफर्डला नदीवर मध्ययुगीन दगडी पूल आहे, २४ कमानींचा, आणि गंमत म्हणजे कमानी एकसारख्या रुंदीच्या नाहीत. टॉरिंग्टनपर्यंत जवळजवळ सपाट, डांबरी. त्यानंतर नदीची साथ सुटते, झाडी दाट होते, चढ हलका पण लांबलचक, आणि मीथकडे जाताना डांबर संपून मुरूम लागतो. या शेवटच्या भागात दुकानं जवळपास नाहीत. पाणी आणि खाणं टॉरिंग्टनलाच भरून घ्या.

मीथला वाट संपते आणि सहलीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो. हॅदरली गावावरून ओकहॅम्प्टनपर्यंत साधारण वीस किलोमीटर रस्त्याने जायचं आहे. फोनवरचा मोटारींचा नकाशा तुम्हाला सरळ ए३८६ वर घालेल. तो घेऊ नका. तुमच्या डोक्यात आहे तोच इंग्लंडचा रस्ता आहे तो: अरुंद, वळणांचा, कडेला पाऊल टाकायला जागा नाही आणि मोटारी ताशी शंभरच्या घरात. २७ क्रमांकाच्या पाट्या तुम्हाला छोट्या गल्ल्यांतून फिरवतात, अंतर वाढतं, दोन-तीन टेकड्या बऱ्यापैकी उभ्या आहेत. उतरून ढकला. सामानासह टेकडी ढकलत चढण्यात काहीही कमीपणा नाही. इथले म्हातारे सायकलवालेही तेच करतात.

या गल्ल्यांबद्दल दोन शब्द, कारण तुमची धास्ती मुळात यांच्याबद्दलच आहे. डेव्हनमधल्या गल्ल्या दोन्ही बाजूंनी उंच मातीच्या बांधांत रुतलेल्या असतात, बांधावर झुडपं, एका वेळी एकच मोटार जाईल एवढी रुंदी. कायद्याने इथली वेगमर्यादा बहुतेकदा ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर! वाचून घाम फुटेल, पण प्रत्यक्षात त्या वळणांवर कुणी तीस मैलांच्या पुढे जात नाही, कारण समोरून ट्रॅक्टर येऊ शकतो हे स्थानिकांना पक्कं ठाऊक असतं. मोटार आली की बांधातल्या रुंद जागेत थांबायचं, ती जाऊ द्यायची, चालक हात वर करतो, आपणही करायचा. तासाभरात चार-पाच मोटारी भेटतील. धोकादायक रस्ता तो, जो रुंद दिसतो आणि ज्यावर मधली पांढरी रेघ असते. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ५० हजारला १ चा नकाशा जवळ ठेवा: लालसर रस्ते ओलांडण्यापुरते, तपकिरी रस्ते नाइलाज म्हणून, आणि पिवळे रस्ते खुशाल. फोनवर मार्ग आखायचा असेल तर सायकल डॉट ट्रॅव्हल वापरा. सामानवाल्या सायकलींचा विचार करून शांत रस्ते निवडण्यात त्याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं मिळालेलं नाही.

खरं सांगायचं तर नॉरफोक किंवा श्रॉपशरमधला एखादा पिवळा रस्ता अनेक ‘मोटारविरहित’ वाटांपेक्षा सुखाचा असतो. गुळगुळीत, शांत, गावातून जाणारा, दुकान आणि चर्च लागणारा. रेल्वेची वाट बऱ्याचदा खिंडीतून किंवा झाडीच्या बोगद्यातून जाते आणि तासभर गाव दिसत नाही. दहा दिवस फक्त तेच केलंत तर कंटाळाल.

ओकहॅम्प्टनला विश्रांती घ्या. बंद पडलेलं इथलं स्टेशन नोव्हेंबर २०२१ पासून रोजच्या गाड्यांसाठी पुन्हा सुरू झालं, त्यामुळे पाऊस लागला किंवा गुडघा बोलू लागला तर एक्झिटरला जाणारी गाडी हाताशी आहे. पुढचा तुकडा ग्रॅनाइट वे, लिडफर्डपर्यंत १८ किलोमीटर, डार्टमूरच्या उंच माळरानाच्या कडेकडेने. सुरुवातीलाच मेल्डन व्हायाडक्ट: १८७४ सालचा लोखंडी जाळीदार पूल, दरीच्या तळापासून ४५ मीटरहून उंच. वारा असला की सायकल हलते, उतरून चालत जा, एरवीही उतरावंसं वाटेल. पश्चिमेकडून येणारा पाऊस इथे मैलभर आधी दिसतो, रेनकोट काढायला वेळ मिळतो. लिडफर्डच्या घळईत पायी जायला दोन तास काढा.

लिडफर्ड ते टॅव्हिस्टॉक पुन्हा गल्ल्या. टॅव्हिस्टॉकला छताखालचा बाजार आहे. सोळाव्या शतकातला दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक याच परिसरातला. पुढचा ३४ किलोमीटरचा प्लिमथपर्यंतचा मार्ग त्याच्याच नावाचा. त्यात ग्रेनोफेनचा बोगदा आणि २०१२ साली नव्याने बांधलेला जेम ब्रिज. एकोणिसाव्या शतकातला इंजिनिअर ब्रुनेल याच्या काळापासून या दरीवर रेल्वेचा पूल होता, तो पाडला गेला होता. सायकलींसाठी दोनशे मीटर लांबीचा पूल पुन्हा उभारावा लागला, तेव्हा कुठे ही माळ गुंफली गेली. यानंतर प्लिम नदीच्या खोऱ्यात जंगलातून एकसारखा मंद उतार आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं मुख्य कारण हेच. प्लिमथहून ब्रिस्टलला थेट गाड्या आहेत.

हे सगळं पाच-सहा दिवसांत आरामात होतं, दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर धरून. कोकणात तुम्ही साठ-सत्तर करत असाल; इथे मुरूम, फाटकं, कॅफे आणि पाऊस यांमुळे तेवढं धरू नका.

दिवस उरले तर प्लिमथहून कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन पार्कवेपर्यंत गाडीने जाऊन कॅमल ट्रेल जोडता येते: बॉडमिन, वेडब्रिज आणि मग खाडीकाठाने पॅडस्टो. शेवटचा नऊ किलोमीटरचा खाडीचा भाग फार सुंदर, आणि म्हणूनच शाळांच्या सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये सकाळी नऊच्या आत चालेल. स्टेशनापासून बॉडमिन गावापर्यंतचा भाग मात्र चढाचा आहे.

पीक डिस्ट्रिक्ट या मध्य इंग्लंडमधल्या डोंगराळ भागाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतंत, कारण मॉन्सल ट्रेलचे फोटो पाहिलेत. ती वाट बेकवेलपासून वाय नदीच्या घळईतून १४ किलोमीटर जाते, २०११ साली उघडलेले चार लांब बोगदे आणि मॉन्सल हेडचा तो प्रसिद्ध पूल. या रेल्वेवर लेखक जॉन रस्किन संतापले होते, आता बक्सटनचा प्रत्येक मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला पोहोचतो आणि बेकवेलचा बक्सटनला, अशा अर्थाचं लिहून गेले. आता तोच पूल बघायला लोक येतात. पण ही दिवसभराची जागा आहे, सहलीचा मार्ग नव्हे. पश्चिमेच्या टोकाला बक्सटनकडे जायला वर्दळीचा ए६ आडवा येतो, आणि दक्षिणेला चढून गेल्याशिवाय पुढचे मार्ग लागत नाहीत. त्या पुढच्या दोन वाटा, टिसिंग्टन आणि हाय पीक, ‘पार्सली हे’ नावाच्या ठिकाणी एकमेकींना मिळतात आणि दोन्ही मिळून जवळपास ५० किलोमीटर भरतात. पठारावरून, चुनखडीच्या भिंतींमधून, आभाळ मोकळं. हाय पीकची रेल्वे १८३० सालची, इंजिनांनी चढ चढायच्या आधीच्या विचारांची: टेकडीवर स्थिर इंजिन बसवून दोराने वाघिणी ओढत. त्यामुळे क्रॉमफर्डच्या बाजूला आठ-नऊला एक असे उभे उतार आहेत. ती वाट वरून खालीच करायची, ब्रेक तपासून.

अगदी सपाट हवं असेल तर लिंकन ते बोस्टन, विदम नदीच्या काठाने ५३ किलोमीटरची वॉटर रेल वे. दोन्ही टोकांना स्टेशन. वारा हाच तिथला डोंगर. यॉर्क ते सेल्बी ही वाटही सपाट; १९८३ साली खालच्या कोळसाखाणींमुळे मुख्य रेल्वेमार्ग बाजूला वळवला, तेव्हा जुनी जागा सायकलींना मिळाली. त्यावर सूर्यमालेची मापात केलेली प्रतिकृती आहे, सूर्यापासून प्लूटोपर्यंत दहाएक किलोमीटर. नातवंडं सोबत असतील तर जरूर जा.

कोस्ट टू कोस्टची, म्हणजे व्हाइटहेवन ते टाइनमथची, चर्चा खूप ऐकाल. २२५ किलोमीटर, त्यात केझिकजवळचा आणि पूर्वेकडचे रेल्वेमार्ग सुंदर. पण मध्ये हार्टसाइडचा ५८० मीटरचा माथा आणि पुढे आणखी तसेच. पुढच्या वर्षी, हलक्या सामानासह.

सायकल कुठली? ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर, मडगार्ड आणि चांगला लहान गिअर. अठ्ठावीसचे बारीक टायर मुरमावर त्रास देतात. भाड्याने घेणार असाल तर कॅरिअर लावलेली हायब्रिड मागा. वाटांवरच्या दुकानांत दिवसाच्या सायकली मिळतात, पॅनिअरच्या नाही, ते घरून आणा. आणि पॅनिअर चार नकोत, मागचे दोनच. कारण फाटकं. मोटारसायकली येऊ नयेत म्हणून बऱ्याच वाटांच्या तोंडाशी लोखंडी चिंचोळी चौकट असते, हँडलच्या रुंदीला वर निमुळती होत जाणारी. सायकल मागच्या चाकावर उभी करून फिरवत आत घालावी लागते. लादलेली सायकल त्यातून जात नाही, सामान काढून पुन्हा लावावं लागतं.

कायद्याचं थोडं. शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर, जिथे पिवळा बाण असतो, सायकलचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे घोडेवाट. तिथे १९६८ च्या कायद्याने सायकल चालते, पण पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. घोडा मागून गाठत असाल तर घंटी वाजवू नका, ‘हॅलो’ म्हणा. माणसाचा आवाज आला की घोडा बुजत नाही. काही मार्ग आखणारी ॲप सामानवाल्याला बिनदिक्कत घोडेवाटेवर घालतात. जूनमध्येही पाऊस झाला असेल तर ती चिखलाची असते. हेल्मेटची सक्ती नाही. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच, आणि बोगद्यांसाठी तुम्ही तो तसाही आणणार आहात. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी, एवढं सुख.

तंबू कुठेही ठोकता येत नाही. डार्टमूरच्या काही भागांत तो हक्क आहे आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, पण तो पाठीवर सामान घेऊन पायी किंवा घोड्यावर जाणाऱ्यांचा. तुम्ही कॅम्पसाइट, हॉस्टेल किंवा पबच्या वरच्या खोल्या बघा. बुक करताना ‘सायकल रात्री आत ठेवता येईल का’ हे विचारा. शाकाहारी जेवणाची चिंता नको, वेळेची करा: गावातले कॅफे चार-पाचला बंद होतात, पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीच ते सहा बंद असतं, रविवारी संध्याकाळी तर बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही. पॅनिअरमध्ये दशम्या-चटणी किंवा निदान ब्रेड-चीज असू द्या. उजेडाची कमतरता नाही, जूनमध्ये साडेनऊपर्यंत दिसतं.

आता तारखा ठरवताना क्रम असा ठेवा. सायकल गाडीत न्यायला वेगळे पैसे पडत नाहीत, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलीच्या जागा मोजक्या असतात आणि त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. तुम्ही दोघं म्हणजे दोन जागा एकाच गाडीत हव्यात. एक्झिटर-बार्नस्टेपलच्या छोट्या गाडीत जो आधी येईल त्याला जागा, म्हणून शनिवार टाळा, मंगळवार-बुधवार धरा. आधी जाण्याच्या आणि प्लिमथहून परतीच्या सायकलजागा पक्क्या करा, मगच मुक्कामांचे पैसे भरा. उलट केलंत तर खोली डेव्हनमध्ये आणि सायकली ब्रिस्टलच्या फलाटावर अशी पाळी येते.